गुरुवारची तालीम

"मी दार वाजवलं," सर म्हणाले.

"तुम्ही कपाट वाजवलंत."

"कपाट म्हणजेच दार, असं आत्ताच ठरलं ना आपलं? बरं, परत वाजवतो. तुम्ही 'या' म्हणा."

"पण मी रागावलेली आहे ना? चिठ्ठीत लिहिलंय, गिऱ्हाईक संतापलेले आहे. संतापलेलं माणूस 'या' कशाला म्हणेल?"

सर थांबले. हातातली चिठ्ठी डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी पुन्हा वाचली, जणू ती त्यांनी लिहिलेली नव्हती आणि मी ती आदल्या दिवशी टाइप केलेली नव्हती. मग म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. मग काय म्हणेल?"

"'आता उगवलात होय?' असं म्हणेल."

"म्हणा की मग."

मी म्हणाले. जरा जास्तच जोरात म्हणाले. सर खरोखर दोन पावलं मागे सरले आणि कपाटाला टेकवून ठेवलेली लांब मोजपट्टी धाडकन फरशीवर आदळली. त्या मोठ्या, रिकाम्या ड्रॉइंग हॉलमध्ये आवाज घुमला. मग आम्ही दोघंही हसलो. त्या हसण्याला आता बेचाळीस वर्षं झाली.

मी विद्यापीठाच्या स्थापत्य विभागात टायपिस्ट होते आणि सर तिथे सर्वेक्षण शिकवायचे, म्हणजे जमीन कशी मोजायची, चढउतार कसे काढायचे ते. शिकवताना त्यांचं तोंड फळ्याकडे आणि पाठ मुलांकडे, पहिल्या मिनिटापासून घंटा होईपर्यंत. मुलांनी त्यांना 'पाठमोरे' असं आडनावच देऊन टाकलं होतं. ते इतकं चपखल बसलं की एकदा बाहेरून आलेल्या एका पाहुण्यानं "पाठमोरे सर कुठे बसतात?" असं मला विचारलं आणि मी सरळ त्यांची खोली दाखवली. दुरुस्त करायचं माझ्या लक्षातच आलं नाही.

फार लाजाळू माणूस. व्हरांड्यात समोरून कुणी आलं की ते सूचनाफलक वाचायला लागायचे. एकदा महिनाभर त्या फलकावर नुसत्या टाचण्या होत्या, तरी वाचायचे.

अशा माणसानं मुलांना बोलायला शिकवायचं मनावर घेतलं, त्याला एक निमित्त झालं. त्या वर्षी एका कंपनीची माणसं शेवटच्या वर्गाच्या मुलाखती घ्यायला आली होती. आमचा सगळ्यात हुशार मुलगा आत गेला आणि सहा मिनिटांत बाहेर आला. त्याला सगळी उत्तरं येत होती, पण एकही तोंडातून बाहेर पडलं नाही. सर दाराबाहेर उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं, म्हणजे काहीच ऐकू आलं नाही ते ऐकलं. मग माझ्या टेबलाशी आले आणि टंकयंत्राकडे बघत म्हणाले, "बाई, चूक माझी आहे. चार वर्षं मी त्याला गप्प बसायचंच शिकवलं."

एक सर आपण होऊन टायपिस्टशी बोलले हीच माझ्यासाठी मोठी गोष्ट होती.

"आपण मुलांना पुस्तक वाचून लेव्हलचं यंत्र लावायला शिकवतो का?" ते पुढे म्हणाले. "नाही ना? तिपाई खांद्यावर देतो, उन्हात उभं करतो. दहा वेळा चुकतात, मग हात बसतो. बोलण्याचं तरी वेगळं काय आहे? ऐकणं, विचारणं, नाही म्हणणं, चारजणांत मिळून काम करणं, हे सगळं करूनच येणार. व्याख्यान देऊन नाही." आणि मग एकदम आवाज खाली आणून, "पण आधी मलाच करून बघायला लागेल. समोर कुणीतरी हवं. बाकीचे सर लोक हसतील."

"मी नाही हसणार," मी म्हणाले.

आता त्याला सॉफ्ट स्किल्स म्हणतात, सक्रिय अध्ययन म्हणतात, त्यावर जाडजूड पुस्तकं निघाली आहेत. आमच्याकडे तेव्हा त्याला काहीच नाव नव्हतं. गुरुवारी दुपारी तीन ते चार हॉल मोकळा असायचा, तेव्हा आमची तालीम. शुक्रवारी तेच मुलांबरोबर. जुन्या नकाशांच्या कोऱ्या पाठी कापून मी चिठ्ठ्या करायची आणि त्यांवर सरांनी लिहून दिलेले प्रसंग टाइप करायची. साहेब आणि नोकरी मागायला आलेला उमेदवार. मजूर आणि मुकादम. ज्याच्या हातून चूक झाली तो, आणि ज्याला ती भोगावी लागली तो. एका चिठ्ठीवर एक माणूस, दुसऱ्या चिठ्ठीवर दुसरा. गुरुवारी ते दोघंही आम्हीच.

माझं वय तेव्हा एकोणतीस. घरी अंथरुणाला खिळलेले बाबा, आई नाही, धाकटा भाऊ शिकत होता. नातेवाइकांनी माझ्या लग्नाचा विषय काढायचं सोडून दिलं होतं. मी त्या तासभरात साहेब झाले, ठेकेदार झाले, नापास झालेल्या मुलाची आई झाले. सरांनी माझी माफी मागितली, मला कामावरून काढलं, परत घेतलं, माझ्याशी भांडण केलं आणि मिटवलं. जगात दोन माणसं एकमेकांशी जेवढं बोलू शकतात तेवढं बहुतेक सगळं आमचं बोलून झालं. फक्त ते सगळं चिठ्ठीतलं होतं. चार वाजले की ते चिठ्ठ्या गोळा करून माझ्या हातात द्यायचे, "आभारी आहे, बाई" म्हणायचे आणि सूचनाफलकाकडे वळायचे. त्यांनी चिठ्ठीत नसलेलं एक वाक्य माझ्याशी बोलावं, एवढंच मला हवं होतं. दुसरं काही मागितलं असेल तर मी खोटं सांगते असं म्हणा.

मुलांनी पहिल्या शुक्रवारी धमाल उडवली. बाकं गोल मांडायची म्हटल्यावर "सर, संगीतखुर्ची आहे का?" असा प्रश्न आला. पण सरांना आता तोंड फिरवायला फळाच नव्हता. गोलात फळा कुठे असणार? त्यांचे कान लाल झाले, पण ते उभे राहिले. त्यांचा पहिला नियम होता, आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडानं परत सांगायचं, त्यानं "हो, असंच" म्हटलं की मगच आपलं बोलायचं. या एका नियमावर मुलांनी तीन शुक्रवार घालवले. परत सांगायला गेलं की कळायचं, आपण ऐकलंच नव्हतं. पाचपाच जणांचे गट करून ते एखादं काम द्यायचे आणि सगळ्यात बडबड्याला तासभर बोलायची बंदी करायचे. तो बिचारा हातवारे करून घामाघूम व्हायचा आणि ज्यांचा आवाज वर्षभर कुणी ऐकला नव्हता ती मुलं बोलायला लागायची.

मला पण बोलावणं यायचं, खवळलेलं गिऱ्हाईक व्हायला. त्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. मुलं मला व्हरांड्यात "गिऱ्हाईकबाई, आज बरं आहे ना? राग नाही ना आमच्यावर?" म्हणायची. मी म्हणायची, "शुक्रवारी सांगते."

नकाराचा एक तास झाला, तो माझ्या चांगला लक्षात आहे. एकानं विनंती करायची, दुसऱ्यानं नम्रपणे नाही म्हणायचं. एक मुलगा विनंती करत होता आणि नाही म्हटलं तरी सोडेना. "अरे, असं काय करतोस, एकदाच, बघ ना, विचार तर कर." वर्ग हसत होता. सरांनी त्याला थांबवलं.

"तो नाही म्हणाला. तुला ऐकू आलं?"

"आलं सर. पण परत विचारलं तर हो म्हणेल की."

"मग तू त्याचं ऐकलंच नाहीस. समोरच्यानं नीट विचार करून नाही म्हटलं की ते खरं मानायचं. दुसऱ्यांदा विचारलंस तर तो त्याचा अपमान. आभार मान आणि ऊठ."

मुलांना प्रती काढून वाटायला मी हे स्टेन्सिलवर टाइप केलं आणि खाली रेघ मारली. रेघ मारायला सरांनीच सांगितलं होतं.

मग मोठ्या सरांच्या कानावर गेलं. मोठे सर म्हणजे आमचे विभागप्रमुख, धरणाच्या भिंतीसारखा माणूस. ते म्हणाले, "आपण इथे इंजिनिअर घडवतोय की नाटक कंपनी काढतोय? मी शुक्रवारी येऊन बसतो. पटलं नाही तर पुढल्या सत्रापासून तो तास परत ड्रॉइंगला."

त्या शुक्रवारी ते गोलातच खुर्ची टाकून बसले. शिरस्त्याप्रमाणे चिठ्ठ्या उचलल्या गेल्या आणि नेमकी चिठ्ठी आली मानेवालीकडे. ही मुलगी कुठल्याही प्रश्नाला मानेनं उत्तर द्यायची. हो, नाही, माहीत नाही, आणि माहीत आहे पण सांगणार नाही, अशा तिच्या चार वेगवेगळ्या माना होत्या, आणि वर्गाला त्या पाठ होत्या.

"हिला बोलता येतं का?" मोठ्या सरांनी विचारलं.

मानेवालीनं मान हलवली. कुणीतरी फिसकन हसलं.

प्रसंग असा होता की ती पाणीपुरवठ्याची इंजिनिअर आणि मी घरमालकीण. पाइप न्यायचा म्हणून माझ्या घराची मागची भिंत पाडावी लागणार, ते तिनं मला सांगायचं.

"तुमची मागची भिंत..." ती म्हणाली. पुढचं तिच्या ओठांवरूनच कळलं.

"मागची भिंत पाडणार? तिथे खोली आहे माझी!" इथपर्यंत चिठ्ठीत होतं. पुढचं नव्हतं. पुढचं माझ्या तोंडून कसं निघालं ते मला आजही सांगता येणार नाही. "त्या खोलीत माझे बाबा आहेत. पाच वर्षं अंथरुणावर आहेत. त्यांना उचलून कुठे ठेवू? तुमच्या पाइपात?"

कुणी हसलं नाही. मानेवाली माझ्याकडे बघत राहिली. एक मुलगा तिला काहीतरी सुचवायला पुढे झुकला, तर सरांनी नुसता तळहात दाखवून त्याला बसवलं. बराच वेळ गेला. मोठ्या सरांची खुर्ची करकरली.

"तुमचे बाबा पाच वर्षं त्या खोलीत आहेत," मानेवाली म्हणाली. "त्यांना हलवता येत नाही."

"हो, असंच."

"त्यांचं तोंड कुठल्या बाजूला असतं?"

मला वाटलं होतं ती नियम सांगेल, नुकसानभरपाई सांगेल. "पूर्वेला," मी म्हणाले. "तिकडे खिडकी आहे. सकाळचं ऊन येतं त्यांच्या पायांवर."

"मग खिडकीची भिंत राहायला हवी. पाइप दुसरीकडून वळवता येतो का ते मी नकाशावर बघते. आत्ता हो म्हणत नाही. बघून सोमवारी सांगते."

मोठे सर उठले. दाराशी जाऊन म्हणाले, "सोमवारी सांगते म्हणाली, हे बरं केलं. आमची माणसं जागेवरच हो म्हणून येतात." तास वाचला. मुलांनी टेबलं बडवली, आणि मानेवाली रडायला लागली.

मी टंकयंत्राशी परत गेले. थोड्या वेळानं सर आले. सूचनाफलक तिथून लांब होता, त्यामुळे त्यांना माझ्याकडेच बघावं लागलं.

"ते चिठ्ठीत नव्हतं," ते म्हणाले.

"नव्हतं."

"खरं आहे?"

"खरं आहे."

"हं," ते म्हणाले आणि गेले. त्या एका 'हं'वर मी कितीतरी दिवस काढले. चिठ्ठीबाहेरचं पहिलं बोलणं होतं ते.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी त्यांना दूरच्या एका विद्यापीठाचं पत्र आलं. हा असाच तास तिकडे सुरू करा, सगळ्या विभागांसाठी, म्हणून. पत्र मीच फोडलं होतं, कारण विभागाचं टपाल माझ्याकडे यायचं. आणि महिनाभरानं गुरुवारच्या तालमीसाठी त्यांनी मला प्रसंग लिहून दिला. वर लिहिलं होतं, 'नम्र नकार, भाग दुसरा'. खाली, 'अ याला दुसऱ्या गावी नोकरी मिळाली आहे. आपल्याबरोबर यावे अशी विनंती तो सहकारी ब हिला करतो. ब हिने त्याचा मान राखून, कारण सांगून नकार द्यावा.' चार ओळी टाइप करताना मी तीन चुका केल्या. मी चुका करत नसे.

त्या गुरुवारी सरांनी कपाट वाजवलं नाही. आले आणि समोरच्या उंच स्टुलावर बसले. चिठ्ठी त्यांच्या हातात होती, पण उलटी. अक्षरं माझ्या बाजूला होती. ते वाचत नव्हते.

"मला तिकडे बोलावलंय," ते म्हणाले.

"अभिनंदन."

"मला एकट्यानं जायचं नाहीये." ते फळ्याकडे बघत नव्हते, खिडकीकडेही नाही. "तिथे राहायला जागा देतात. दोन खोल्या आहेत आणि एक लहान खोली आहे. त्या लहान खोलीला पूर्वेकडे खिडकी आहे. मी घरून पत्र पाठवून विचारून घेतलं."

पूर्वेकडची खिडकी चिठ्ठीत नव्हती. मी ती टाइप केलेली नव्हती.

"तुम्ही याल का?"

मला कळलं होतं. नंतर बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आले की मला कळलं नाही, मी आपली तालीम करत होते. पण मला कळलं होतं. फक्त मला वाटलं, तालमीत दिलेला होकार तालमीतलाच राहील. चार वाजले की ते तो गोळा करून माझ्या हातात देतील आणि आभारी आहे म्हणतील. ही झाली तालीम. माणूस लाजाळू आहे, आधी करून बघतोय. आता उद्या, परवा, सोमवारी, ते चिठ्ठीशिवाय येतील आणि विचारतील. खऱ्या प्रश्नासाठी मी खरा होकार राखून ठेवला. आणि तालमीतलं माझं काम मी चोख केलं, कारण मी ब होते.

"तुम्हाला एकट्यानं जायचं नाही, आणि मी बरोबर यावं असं तुम्हाला वाटतं," मी म्हणाले. "तुम्ही मला विचारलंत याचा मला फार आनंद झाला. पण मला इथून हलता येणार नाही. माझी माणसं इथे आहेत. यात तुमच्याकडे काही कमी आहे असं अजिबात नाही."

सरांनी चिठ्ठी सरळ केली, घडी घातली आणि पहिल्यांदाच मला न देता खिशात ठेवली.

"आभारी आहे," ते म्हणाले आणि उठले. दाराशी थांबून, "फार चांगलं झालं, बाई. कुणाचं मन दुखावू नये म्हणून याहून चांगलं बोलता येणार नाही."

शुक्रवारी त्यांनी वर्गात दुसराच प्रसंग घेतला.

सोमवारी मी लवकर गेले. मंगळवारी पण. ते "नमस्कार, बाई" म्हणायचे आणि जायचे. पुढच्या गुरुवारी तालीम झाली नाही, त्यांना सामान बांधायचं होतं. मी रोज वाट बघत होते की आज विचारतील. आणि एके दिवशी जुनी स्टेन्सिलं फाडता फाडता ती माझ्याच हाताची रेघ समोर आली. समोरच्यानं नीट विचार करून नाही म्हटलं की ते खरं मानायचं. मला वाटत होतं ते घाबरले. ते घाबरले नव्हते. ते माझा मान राखत होते.

मग मी का नाही गेले त्यांच्याकडे? दोन दारं सोडून तर खोली होती. एकदा गेले. ते पुस्तकं खोक्यात भरत होते. त्यांनी वर बघितलं आणि वाट बघत थांबले, मुलांसाठी थांबायचे तसे, अगदी मनापासून. मी म्हणाले, "दोरी हवी का? माझ्याकडे आहे." ते म्हणाले, "द्या." मी दोरी आणून दिली.

निरोपाच्या दिवशी ते हातात कागद न घेता, मुलांकडे तोंड करून वीस मिनिटं बोलले. पाठमोरे म्हणून त्यांना पुढे कुणी हाक मारली नसणार.

बाबा त्यानंतर तीन वर्षं जगले. भावाचं लग्न झालं, वहिनी आली, घर भरलं. मी हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले. मला कमी काही पडलं नाही, असं मी विचारणाऱ्याला सांगते. वाक्य चांगलं जमतं मला.

गेल्या महिन्यात फोन आला. "गिऱ्हाईकबाई का?" एवढं ऐकून मी खुर्चीवर बसलेच. मानेवाली होती. ती आता आमच्याच विभागात प्राध्यापक आहे आणि तोच तास घेते. आता तो विषय सगळ्यांना सक्तीचा आहे म्हणाली, गुण आहेत त्याला. मग थांबली. इतकी वर्षं गेली तरी मला तिचं थांबणं ओळखू आलं.

"सर गेले, बाई. आपण इथे एक सभा ठेवलीय. तास इथे सुरू झाला ना, म्हणून. त्यांच्या पत्नी पण येणार आहेत. याल ना तुम्ही?"

"येते," मी म्हणाले. लगेच म्हणाले.

पुतणीनं मला फाटकापाशी सोडलं. ड्रॉइंग हॉल पहिल्या मजल्यावरच आहे, पण उंच टेबलं गेली, आता चाकांच्या खुर्च्या आहेत. तेव्हाची मुलं दाटीवाटीनं बसली होती. डोक्यावरचे केस गेलेले, पोट सुटलेले, कुणाच्या हातात काठी, आणि काय सुंदर बोलत होते सगळे! दोन मिनिटं दिली तर दोनच मिनिटं बोलायचे, समोर बघून, थांबायचं तिथे थांबून. मला बोलायला बोलावलं तेव्हा मी हात हलवून नको म्हटलं. कुणी आग्रह केला नाही. चांगलं शिकली होती सगळी.

सभा संपली. चहा आला. सरांच्या पत्नी माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या. गोऱ्या, ठेंगण्या, गुडघ्यांनी बेजार झालेल्या बाई.

"तुम्ही त्यांच्याबरोबर होतात का इथे?" त्यांनी विचारलं.

"टायपिस्ट होते मी विभागात."

"मग तुम्ही त्यांना लाजाळू बघितलं असेल. सगळे म्हणत होते आज, लाजाळू होते. मला पटेचना. अहो, घरात गप्प बसायचे नाहीत. सकाळी डोळा उघडला की सुरू. मी म्हणायची, अहो, मला जरा पेपर वाचू द्या." त्या हसल्या, मग रुमाल डोळ्यांना लावला. "आता घर कसं झालंय विचारू नका, ताई."

मी विचारलं नाही. माझा चहा निवत होता.

"पण एक सांगते. अख्ख्या जगाला बोलायला शिकवणारा माणूस, आणि मला मागणी घातली ती चार ओळींचं पत्र पाठवून! दोन गल्ल्या पलीकडे राहायचे. मी म्हटलं, येऊन विचारायला काय झालं होतं? तर म्हणे, तोंडी एकदा विचारून झालंय, पुन्हा नाही जमायचं." त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "इथेच असणार कुणीतरी, नाही? त्याच्याआधी इथेच होते ते. तुम्हाला ठाऊक असेल."

आजूबाजूला कपबशा वाजत होत्या. मानेवाली लांब उभी राहून कुणाला तरी निरोप देत होती. समोर बसलेल्या बाईंनी मला सरळ प्रश्न विचारला होता.

"ठाऊक आहे," मी म्हणाले.

"हो? कशी होती?"

"साधीच होती."

"मग नाही का म्हणाली?"

"तिला वाटलं, ते परत विचारतील."

त्या इतक्या मनापासून हसल्या की शेजारच्यांनी वळून बघितलं. "ते? अहो, ते आणि परत विचारणार? जेवताना एकदा मीठ मागायचे. मला ऐकू नाही गेलं तर अळणी जेवून उठायचे, पण दुसऱ्यांदा मागायचे नाहीत. मी तर पहिल्या वर्षातच शिकले, या माणसाकडे कान देऊनच राहायला हवं." हसणं ओसरलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, जराशा जास्त वेळ. मग म्हणाल्या, "बिचारी."

एवढंच म्हणाल्या. मग खुर्चीचे हात धरून उठल्या. "ताई, जिना उतरायला मला हात द्याल का? चढताना दोघांनी धरून आणलं मला. उतरताना जास्त दुखतं."

मी हात दिला. त्यांनी आपला सगळा भार माझ्या दंडावर टाकला. एका पायरीवर दोन्ही पाय, मग पुढची पायरी. आणि त्या सरांबद्दल बोलत होत्या. ते भाजी निवडताना काय म्हणायचे, नातवाला शाळेत सोडताना काय म्हणायचे, दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात नर्सशी काय गप्पा मारायचे. इतक्या वर्षांत मी न ऐकलेली त्यांची वाक्यं, एकापाठोपाठ एक. मी मध्ये बोलत नव्हते. फक्त मधूनमधून "हो का?" म्हणत होते, म्हणजे त्या थांबू नयेत.

शेवटच्या वळणावरून बाहेरचं फाटक दिसतं. त्यांना न्यायला आलेली गाडी तिथे येऊन उभी होती. त्यांचं लक्ष पायऱ्यांकडे होतं. मला गाडी दिसली, पण मी त्यांना सांगितलं नाही.